निळ्या पिंपाचं झाकण

मिलिंद, गेलेल्या माणसावर संशय घेऊ नये म्हणतात. पण तू जिवंतपणी कोणालाच सोडलं नाहीस, तेव्हा तुझ्यापुरता हा नियम पाळला तर तुलाच राग येईल.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वर्तकनगरच्या हॉलमध्ये सगळे तुझ्याविषयी चांगलं बोलले. शेवटी माईक माझ्याकडे आला. कोलशेतपासून कोपरपर्यंत कुठल्याही हळदीत माझ्या हातातून माईक ओढून घ्यावा लागतो, हे तुला ठाऊक आहे. त्या दिवशी मी दोन वाक्यं बोललो आणि बसलो. लोकांना वाटलं, सुधीरला गहिवरून आलं. आलं होतंच. पण गप्प बसायला दुसरंही कारण होतं. तुझ्या फोटोकडे पाहिलं, तर फोटोतही तुझी ती डावी भुवई वर. मला वाटलं, हा माणूस अजून काहीतरी लपवतोय.

मग तुझ्या सुजाताशी बोललो. ती म्हणाली, "भावोजी, हॉस्पिटलमध्ये सलाइन लावायला आले तर हे म्हणाले, जरा तारीख दाखवा बाटलीवरची." असं सांगताना ती हसली आणि हसताहसताच रडायला लागली. मीही.

तुझा संशय म्हणजे एक कला होती. शहाळेवाला म्हणाला 'मलईवालं आहे' की तू म्हणायचास, "तुम्ही आत जाऊन आलात का?" डब्याचं झाकण तू कधी एकदाच लावलं नाहीस. लावायचं, हलवून बघायचं, पुन्हा दाबायचं. कंपनीत तू ड्रॉइंग काढायचास आणि शेजारच्या गाळ्यात मी ग्रिल आणि गेट वेल्डिंग करायचो. तुझं ड्रॉइंग माझ्याकडे आलं की त्याच्यामागोमाग तूही यायचास, टेप घेऊन. माझ्यावर विश्वास नाही का, असं मी विचारलं तर म्हणायचास, "तुझ्यावर आहे. तुझ्या डोळ्यांवर नाही."

आपण ते कचऱ्याचं काम कसं अंगावर घेतलं, हे मी लोकांना दहा प्रकारे सांगितलंय. प्रत्येक वेळी तू शेजारी बसून म्हणायचास, "यातलं निम्मं खरं आहे." आज तू नाहीस, म्हणून सगळं खरं सांगतो.

माझी सासुरवाडी खाडीला लागून आहे. इथे तिला खारोंडे म्हणतो. तिथे खालच्या आळीत माझ्या बायकोची हिराकाकू एकटी राहते. खाडीला भरती आणि वरून पाऊस, दोन्ही एकदम आलं की खालच्या आळीत पाणी शिरतं. पाण्याबद्दल तिथे कोणी तक्रार करत नाही. ज्यांच्या आज्यापणज्यांनी मिठागरं केली, त्यांना भरती काय शिकवायची? पाणी येतं, माणसं सामान माळ्यावर टाकतात, पाणी जातं, माणसं घर धुतात. पण हल्ली पाण्याबरोबर कचराही येऊ लागला. रस्ता बुडाला की घंटागाडी कित्येक दिवस फिरकत नाही आणि सगळं गाव कचरा बांधाच्या कोपऱ्यावर टाकतं. तिथे कोणीतरी एकदा सिमेंटची कुंडी बांधून दिली होती. पूर आला की ती भरायची आणि आतलं सगळं घरोघर वाटून यायची.

दोन वर्षांपूर्वीच्या पुरानंतर आपण काकूचं घर साफ करायला गेलेलो. आठवतं? कोपरला फ्लॅटमध्ये राहणारा तिचा मुलगा नंदू गुडघाभर चिखलात उभा राहून तांदळाच्या कणगीतून एक एक वस्तू बाहेर काढत होता. वेफर्सची पाकिटं, थर्माकोलच्या प्लेटा, आणि एक डायपर. डायपर हातात धरून तो काकूला म्हणाला, "आई, बास. पानी आला तं तुजा नशीब. पन लोकांची घान तुज्या तांदलात आली, ती मी नाय बगनार. पुन्यांदा घरात कचरा आला तं गुपचूप माज्याकडं यायचा. घराला कुलूप."

काकूनं मान हलवली. माझ्या सासुरवाडीत बाईनं न भांडता मान हलवली, तर ती फार मोठी गोष्ट असते.

परतताना रिक्षात तू म्हणालास, "पाणी आपल्याला थांबवता येणार नाही. कचरा थांबवता येईल." डोंबिवलीला उतरताना म्हणालास, "पण गाववाले आपल्याला काही करू देतील, याची मला खात्री नाही."

तुझा संशय बरोबर निघाला. दुसऱ्या खेपेला तू बांधावर टेप लावलास आणि पारावरचे दोन म्हातारे उठून आले. त्या भागात टेप काढणारा माणूस म्हणजे काय, हे तुला ठाऊक नव्हतं.

"कोन्च्या बिल्डरचा मानूस?"

"कोणाचाच नाही, काका. कचऱ्यासाठी मापं घेतोय."

"सगले पैल्यांदा असाच बोल्तात. मंग सातबारा मागतात."

"मला सातबारा नको."

"तो बी सगलेच बोल्तात."

मी मध्ये पडणार होतो, पण तुझा चेहरा पाहिला आणि थांबलो. तू खूश होतास. आयुष्यात पहिल्यांदा तुला तुझ्या तोडीची माणसं भेटली होती. तू त्यांना टेपचं दुसरं टोक धरायला दिलंस. रिक्षात म्हणालास, "चांगली माणसं आहेत. चौकशी करतात."

पाणी किती चढतं, हे तू गावात विचारलंस. एकानं गुडघा दाखवला, एकानं कंबर, आणि पारावरच्या म्हाताऱ्यानं डोक्यावर हात नेला. तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "पुराची उंची माणसाला विचारू नये. ज्याचं जितकं नुकसान, तितकं त्याचं पाणी." मग काकूच्या भिंतीवर पाण्यानं स्वतः सोडलेली ओल शोधलीस, ती मापलीस, आणि तिच्यावरही विश्वास नसल्यामुळे दुप्पट उंचीचे पाइप धरलेस.

तुझी कल्पना इतकी साधी होती की मला ती आपल्याला शोभणारी वाटेना. दोन पाइप जमिनीत उभे. त्यांच्यामध्ये भंगारातलं एक निळं प्लास्टिकचं पिंप, रिकामं आणि घट्ट बंद केलेलं. त्याच्या डोक्यावर दुसरं पिंप, ते कचऱ्याचं. दोन्ही एकमेकांना पक्की बांधलेली, बाजूला कड्या, कड्या पाइपांत ओवलेल्या. पाणी चढलं की खालचं पिंप तरंगणार आणि वरच्याला खांद्यावर घेऊन वर जाणार. पाणी उतरलं की जिथल्या तिथे. बंधाऱ्यावर होडी बांधतात तसंच. मी म्हणालो, वर एक छोटं छप्पर करू, कमान करू, दोन रंग देऊ. तू म्हणालास, "सुधीर, आपण कचरापेटी करतोय. मखर नाही."

पिंपं घेताना भंगारवाला म्हणाला, यात साबणाचं पाणी होतं. तू एकात पाणी ओतलंस, आडवं करून गडगडवलंस आणि फेस आल्यावर म्हणालास, "हो, साबणच." भंगारवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

पहिला नमुना आपण खाडीच्या कडेला रोवला. भरती रोजच येते, तिच्याहून चांगली परीक्षा कोण घेणार? लोखंडी कड्या माझ्या हातच्या, काय सुंदर होत्या. खाऱ्या वाऱ्यानं त्या गंजल्या, एका बाजूची अडकली, दुसरी वर गेली आणि पिंप मान वाकडी करून बुडालं. तू लोखंड काढून जाड प्लास्टिक पाइपाचे तुकडे कडीसारखे बसवलेस. "गावातल्या कुठल्याही नळवाल्याला बदलता आलं पाहिजे," म्हणालास. ते दिसायला भिकार होतं. दुसऱ्या दिवशी भरतीत पिंप सरळ वर गेलं, सरळ खाली आलं. काकू पदर खोचून बघायला आली होती. ती म्हणाली, "जावय, तुमच्या दोस्ताला आकल हाय." माझ्याबद्दल तिनं काही म्हटलं नाही.

आणि मग ते उद्घाटन. सरपंचांनी परस्पर ठरवलेलं. आपण पोचलो तेव्हा पिंपाला हार होता, कुंकवाचं स्वस्तिक होतं, पाच सवाष्णी ताट घेऊन उभ्या होत्या. नारळ फुटला. तू लांब झाडाखाली उभा होतास, हात मागे बांधून. मला वाटलं, तुझा नेहमीचा विरोध. बौद्ध घरातला, पूजाअर्चेला हात न लावणारा तू. आणि तुझं तसं असणं गावानं केव्हाच मान्य केलं होतं.

पण तू उभा राहून पुढचं बघत होतास. पुढे आठवडे गेले आणि त्या पिंपात कोणी काही टाकेना. कचरा पुन्हा बांधाच्या कोपऱ्यावर. मी एका वहिनींना विचारलं तर त्या मलाच रागावल्या, "पूजा झालेल्या वस्तूत कोलबीची सालां टाकू? पाप नाय लागनार?" कोणीतरी तिथे विडा ठेवला होता. एका लग्नघरानं पत्रिका ठेवली होती. गावातली सगळ्यात स्वच्छ जागा म्हणजे आपली कचरापेटी.

तू म्हणालास, "मी सगळ्या वजनांचा हिशेब केला होता. नारळाचा नाही केला."

हे तूच मोडलंस, तेही काकूकडून. ती एक दिवस कोलंबीच्या सालांचं ताट घेऊन आली, चार बायकांसमोर झाकण उघडलं आणि ताट उपडं केलं. "आमच्या देवांना कोलबी चालते," म्हणाली. त्यानंतर खालची आळी पिंप वापरू लागली. पुढची पिंपं आपण कोणालाही न सांगता, कोणालाही न बोलावता लावली. मला माईकसुद्धा मिळाला नाही.

राहिली वरची आळी. त्यांच्या घरात पाणी येत नाही, त्यामुळे त्यांना पिंपापर्यंत चार पावलं जास्त चालायचं कारण नव्हतं. बांधाचा कोपरा त्यांचा होता. तू त्यांना समजावलंस, चित्रं काढून दाखवलीस, पाणी कसं फिरतं ते ताटलीत पाणी घेऊन दाखवलंस. ते म्हणायचे, बरोबर हाय, बरोबर हाय. आणि कोपऱ्यावर टाकायचे. पिंपं कितीही चांगली असली, तरी त्या कोपऱ्यावरून पुराचं पाणी थेट काकूच्या उंबऱ्यावर जातं. तिच्या घराला कुलूप लागणार की नाही, हे आता तिथे ठरणार होतं.

मग एका सकाळी त्या कोपऱ्यावर एक दगड आला.

शेंदूर फासलेला, झेंडूचा हार घातलेला. आजूबाजूची जागा झाडलेली. कोणी ठेवला, कोणाला माहीत नाही. वरच्या आळीतली एक बाई पिशवी घेऊन आली, थबकली, पिशवी तशीच घेऊन पिंपाकडे गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. जे आपल्याला वर्षभरात जमलं नाही, ते एका दगडानं सकाळच्या चहाआधी केलं.

तू माझ्या गाळ्यात आलास तो तांबडालाल होऊन. "हा तुझा उद्योग आहे."

"माझा? आईशप्पथ नाही."

"शेंदूर, झेंडू, बरोबर रस्त्याच्या वळणावर. यात दिग्दर्शन आहे. त्या गावात दिग्दर्शन करणारा एकच माणूस जातो."

खरं सांगू? मला आधी बरं वाटलं. मग राग आला. आणि मग, तुझ्याकडूनच शिकलेला, संशय आला. मी तो दगड बघून आलो होतो. तो खडीच्या थरावर बसवला होता, दोन्ही बाजूंनी अगदी समतल. गावात देव बसवताना खडी कोण अंथरतं? तुझ्या पँटवर गुडघ्याशी लालसर डाग होता. मी बोट दाखवलं तर म्हणालास, "ग्रिलला लावतोस तो रेड ऑक्साइड आहे. तुझ्याच गाळ्यातला." आणि तुझा तो आवाज. तू कधी आवाज चढवत नसायचास. मी हौशी नाटकांत हयात घालवलीय, इतका मोठा राग खरा नसतो.

त्यानंतर आपलं तेच चालू. मी म्हणायचो तू, तू म्हणायचास मी. तू म्हणायचास, "भीतीनं साफ ठेवलेली जागा साफ नसते. भीती गेली की कचरा परत." मी म्हणायचो, "तोवर साफ आहे ना? काकूला तेवढं पुरे आहे." तू म्हणायचास, "म्हणजे तूच ठेवलास." रिक्षात, गाळ्यात, तुझ्या घरी सुजातासमोर. मी माझ्या निर्दोषपणाचे पुरावे गोळा करत हिंडलो. हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटलो तेव्हाही मी विचारलं, "आता तरी सांग." तू मास्क बाजूला केलास आणि म्हणालास, "तू आधी." मी चिडून बाहेर चहा प्यायला गेलो. आपलं शेवटचं बोलणं हे असं झालं.

गेल्या वर्षी पाणी फार चढलंच नव्हतं. ते यंदा आलं, तुझ्या कार्यक्रमानंतर थोड्याच दिवसांनी. रस्ता मोकळा झाल्याबरोबर मी आणि नंदू त्याच्या बाइकवरून गेलो. त्यानं बॅगा आणल्या होत्या, काकूचे कपडे भरायला.

मिलिंद, पिंपं जाग्यावर होती. पाणी उतरत होतं आणि तीही उतरत होती, म्हाताऱ्या माणसानं जिना उतरावा तशी. एका ठिकाणी कडीत जाळ्याची दोरी अडकून पिंप तिरकं झालं होतं. पण झाकण बंद होतं. तू असतास तर त्या तिरक्या पिंपाकडेच बघत बसला असतास. मी बाकीच्यांकडे बघून घेतलं, तुझ्या वाटचंही.

काकूच्या घरात चिखल होता, पाणी होतं, आणि ती झाडू घेऊन उभी होती. नंदूनं कणगी बघितली, पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं. शेवटी दाराआडून एक चप्पल काढली. डाव्या पायाची, निळी.

"आई, हा कचरा हाय."

"चप्पल हाय."

"कचरा हाय, आई. आपला काय ठरला व्हता?"

"कोनाची तरी चप्पल हाय. येल तो न्यायला. आलेल्या मानसाची चप्पल दारात असते, तिला काय कचरा बोल्तात?"

नंदूनं माझ्याकडे पाहिलं. मी, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच, काही बोललो नाही. त्यानं चप्पल उंबऱ्याबाहेर नीट ठेवली, बॅगा बाइकलाच अडकवलेल्या राहू दिल्या आणि ते तिरकं पिंप सोडवायला निघून गेला.

तो गेल्यावर काकू पायरीवर बसली. म्हणाली, "आज तो पायजे व्हता."

मी म्हटलं, "काकू, त्यानंच ठेवला होता ना तो दगड? आता लपवून काय करायचंय?"

"त्यानं कशाला? मी ठेवला."

ती झाडूच्या काड्या नीट करत सांगत होती. तू त्या पहाटे भरती बघायला म्हणून लवकर आला होतास, आणि ही म्हातारी परसातला दगड ढकलत बांधाकडे नेत होती. "मना बोल्ला, काकू, हा मना पटत नाय. मी बोल्ली, मना तरी कुठं पटतंय? पन मना माजा घर सोरायचा नाय."

"मग?"

"मंग गप उबा रायला. मी परत ढकलायला लागली. दगूड जड. तवा आला नि बोल्ला, काकू, मी हात जोरनार नाय. पन हात लावतो."

खडी तूच टाकलीस. समतल तूच केलंस. शेंदूर तिनं लावला आणि तू तेवढा वेळ खाडीकडे तोंड करून उभा राहिलास. नंतर तिचा पाय घसरला, तू तिला धरलंस, तिचे हात तुझ्या गुडघ्याला लागले. रेड ऑक्साइड.

"पण मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

काकू संकोचली. मग म्हणाली, "मीच बोल्ली, जावयाला सांगू नको. तर बोल्ला, काकू, त्याच्या तोंडाला आपल्या पिंपासारखा झाकान नाय. त्याचा मी बगतो. तो आता मैनामैना आपली बाजू सांगत फिरल, दुसऱ्या कोनाला इचारायला त्याला टायम नाय भेटनार."

मी पायरीवर बसून इतका हसलो की काकू घाबरली. तालुक्याच्या स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस माझं. तू पडदा ओढायला बसायचास. आणि इतके महिने तू माझ्यासमोर रागावलेल्या माणसाची भूमिका करत राहिलास, हॉस्पिटलच्या खाटेवरसुद्धा, आणि मी प्रेक्षकात बसून आरोपीचं काम करत होतो. 'तू आधी' म्हणालास. केवढं ते टायमिंग. मी चहा प्यायला जायला नको होतं रे.

तुझा वाद खरा होता, हे मला आता कळतं. भीतीनं साफ ठेवलेली जागा साफ नसते, हे तू म्हणायचास तेव्हा माझ्याशी बोलत होतास की त्या पहाटेशी, देव जाणे. हे वाक्य तुला आवडणार नाही, म्हणून मागे घेतो.

निघताना काकू मला बांधाच्या कोपऱ्यावर घेऊन गेली. पुरानं शेंदूर धुऊन नेला होता, हार नेला होता. खडीवर एक साधा काळा दगड, तुझ्या हिशेबानं अजूनही समतल. आम्ही उभे असताना वरच्या आळीतली एक बाई पिशवी घेऊन आली. दगडाकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. आणि पिंपाकडे गेली. आता ती सवयीनं गेली, की आम्ही बघतोय म्हणून गेली, सांगता येत नाही. मला संशय आहे.

काकूनं हळूच विचारलं, "परत लावू शेंदूर?"

तू काय म्हणाला असतास, याचा मी खूप विचार केला. मग म्हणालो, "थोडं थांबून बघू, काकू. मी येईन बघायला." ती हो म्हणाली. घरी पोचल्यावर लक्षात आलं, तुझा टेप माझ्याच गाळ्यात राहिलाय. तो घेऊन जाईन.

आणि हे सगळं मी लिहून का टाकलं, म्हणून तुझी भुवई वर गेली असेल, तर ऐक. गावाचं नाव बदललंय. काकूचं बदललंय, नंदूचं बदललंय, आणि खुणेच्या दोन-तीन गोष्टी अशा फिरवल्यात की शोधणारा खाडीच्या भलत्याच काठाला जाईल. झाकण लावलंय, मिलिंद. घट्ट बसलंय का, हे तू असतास तर हलवून बघितलं असतंस.